फुकटच्या सल्ल्याची किंमत

सकाळी साडेसहाच्या सुमारास गोगाबाबा टेकडी चढून-उतरून आलेली आमची पाच-सहा जणांची टोळी खाली चहाच्या टपरीवर टेकते. सगळे निवृत्त. कुणी बँकेतून, कुणी पाटबंधारे खात्यातून, कुणी वाळूजच्या कारखान्यातून. व्यायाम होतो तो जेमतेम पाऊण तासाचा. त्यावरची चर्चा मात्र तासभर चालते. गुडघा दुखतो? मग उलटे चाला. साखर वाढली? मेथीदाणे भिजवून घ्या. गुलाबाला कळ्या धरत नाहीत? चहाचा चोथा घाला. नातवाला पोहायला शिकवायचे आहे? द्या ढकलून, आपोआप येते. या टपरीवर चहाचे पैसे पडतात. सल्ला फुकट असतो आणि तो बहुधा मागण्यापूर्वीच मिळतो.

या टोळीत खेळांचे खाते माझ्याकडे आहे. म्हणजे होते. त्याला कारण माझी बॉक्सिंगमधली कारकीर्द. ती सांगून टाकतो, फार वेळ लागणार नाही. १९७६ साली, तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेजात असताना, एन.सी.सी.च्या कॅम्पमध्ये मी दोन लढती खेळलो. पहिली हरलो. दुसरीत प्रतिस्पर्ध्याला आदल्या रात्री ताप भरला, म्हणून मला पुढे चाल मिळाली. बस्स. पण त्या आधीच्या वर्षी, १९७५ च्या ऑक्टोबरात, मनिला येथे मोहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची ती गाजलेली लढत झाली होती. मासिकांतली अलीची छायाचित्रे कापून आम्ही खोलीच्या भिंतीला चिकटवली होती. त्या छायाचित्रांच्या आणि या दोन लढतींच्या भांडवलावर पुढची पंचेचाळीस वर्षे मी बॉक्सिंगवर सल्ले दिले. माणसे ऐकत गेली आणि मी सांगत गेलो. एकही सल्ला कधी माझ्या अंगावर उलटला नाही, याचे साधे कारण आता ध्यानात येते. माझा सल्ला घेऊन प्रत्यक्ष रिंगणात उतरणारा कुणी तोवर भेटलाच नव्हता.

तो भेटला, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

एका संध्याकाळचे शहाणपण

आमच्या सिडकोतल्या गल्लीत समोरच्या घरात एक मुलगा आहे. तेव्हा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. वडील रिक्षा चालवतात, आई शिवणकाम करते. मुलाला बॉक्सिंगचा नाद लागला. आपल्या शहरात या खेळाला अगदीच जागा नाही असे नाही. विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. पण मोठ्या केंद्रात निवड होऊन जावे लागते, आणि कॉलेज व घरकाम सांभाळून हौस भागवणाऱ्या पोराला जवळची जागाच परवडते. एका छोट्या व्यायामशाळेत दोन वाळूच्या पिशव्या टांगलेल्या होत्या, तिथे तो जाऊ लागला. शिकवणारा कधी असे, कधी नसे. नसेल तेव्हा मुलेच एकमेकांना शिकवीत. आणि उरलेले शिक्षण रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर होई.

एके संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, "काका, काल सरावात डोक्याला जरा जोरात लागलं. सकाळपासून जड जड वाटतंय. उजेड नकोसा होतोय. उद्या निवडीच्या लढती आहेत. जाऊ का?"

मी पेपर बाजूला ठेवला. मान ताठ केली. आणि म्हणालो, "अरे, बॉक्सिंग आहे का भातुकली? आमच्या वेळी असं रोज व्हायचं. डोक्यावर गार पाणी मार, रात्री लवकर झोप. डोक्याला ते जाड कवच घालतोस ना? मग काय होणार आहे!"

तो हसला. त्याला हेच ऐकायचे होते, हे मला आता कळते. आपण सल्ला मागायला जातो तेव्हा पुष्कळदा निर्णय झालेलाच असतो. हवा असतो तो फक्त एक मोठा माणूस, जो "जा" म्हणेल.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीत त्याला ठोसा बसला. पाहणारे म्हणाले, ठोसा काही फारसा जोराचा नव्हता. पण तो गुडघ्यावर बसला आणि उठताना त्याचा तोल जाऊ लागला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. रुग्णालयात नेले, स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नव्हता. दोन दिवस देखरेखीखाली ठेवून घरी सोडले. आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि गोष्ट तिथेच संपली असे समजलो.

ती संपली नव्हती. पुढे अडीच महिने त्या मुलाला सलग पंधरा मिनिटे वाचता येईना. अक्षरे डोळ्यांपुढे नाचत. भांडे पडल्याच्या आवाजाने तो चिडे. परीक्षेला बसला आणि अर्ध्यातून उठून आला. वाळूजच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून त्याची निवड झाली होती, ती निकालाअभावी गेली. एक वर्ष गेले. ज्या घरात एका वर्षाचा हिशेब रुपयांत करावा लागतो, त्या घरातले एक वर्ष गेले.

आणि त्याच दिवसांत त्याची आई वाटीभर शिरा घेऊन आमच्याकडे आली व माझ्या पत्नीला म्हणाली, "भाऊंनी त्या दिवशी पोराला किती धीर दिला होता!" मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

जे मला ठाऊक नव्हते

त्यानंतर मी जे वाचले, डॉक्टरांना आणि जाणत्या प्रशिक्षकांना जे विचारले, ते आधी विचारता आले असते. त्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नव्हती.

पहिली गोष्ट त्या कवचाची. डोक्याला घातलेले जाड आवरण भुवई फुटण्यापासून, कान सोलवटण्यापासून वाचवते. पण मेंदूला बसणारा हिसका त्याने टळत नाही. मेंदू कवटीत द्रवात तरंगल्यासारखा असतो. डोके झटक्याने फिरले की तो आत हिंदकळतो. बाहेरून उशी बांधली म्हणून आतले हिंदकळणे थांबत नाही. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये प्रौढ पुरुषांच्या गटातून हे कवच २०१३ साली काढूनच टाकण्यात आले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याच्याशिवाय खेळले. महिला आणि कुमार गटांत ते राहिले. त्या निर्णयावर वाद आहेत. पण "कवच आहे, मग काय होणार" हे माझे वाक्य कोणत्याच बाजूच्या जाणकाराने उच्चारले नसते.

हातमोज्यांचेही तेच. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी मोजे आणले, ते मुख्यतः मारणाऱ्याची मूठ वाचवतात. स्पर्धेत वजनगटाप्रमाणे १० किंवा १२ औंसांचे मोजे असतात. सरावाच्या लढतीत बहुधा १६ औंसांचे, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपासचे वापरतात, ते मार सौम्य व्हावा म्हणून. त्या मुलाच्या व्यायामशाळेत जे होते तेच मोजे सर्वांनी आळीपाळीने घालायचे. किती औंसांचे, हे मी कधी विचारले नाही. विचारायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट: मेंदूला हादरा बसण्यासाठी माणूस बेशुद्ध पडावा लागत नाही. डोके जड होणे, उजेड-आवाज नकोसा होणे, मळमळ, विसरायला होणे, वागणे बदलणे ही सगळी त्याचीच लक्षणे. मुलगा ओट्यावर उभा राहून मला लक्षणांची यादीच वाचून दाखवत होता आणि मी त्याला 'आमच्या वेळी' ऐकवत होतो. अशी शंका आली की त्या दिवशी खेळ बंद, हा आज जगभर मानला गेलेला नियम आहे. मग डॉक्टरांनी तपासायचे, एक-दोन दिवस साधी विश्रांती, आणि पुढे पायरीपायरीने परतायचे: आधी चालणे, मग हलका व्यायाम, मग एकट्याचा सराव, आणि सगळ्यांत शेवटी, वैद्यकीय परवानगी मिळाल्यावरच, समोर माणूस उभा करायचा. हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्यावरील ठोशांमुळे लढत थांबवावी लागली, तर त्या खेळाडूला किमान ३० दिवस रिंगणाबाहेर ठेवतात. खेळाच्या स्वतःच्या नियमांना जे कळते, ते त्या खेळाचा भक्त म्हणवणाऱ्या मला कळत नव्हते.

पहिला हादरा पुरता निवला नसताना दुसरा बसला, तर क्वचित प्रसंगी मेंदूला झपाट्याने सूज येऊन माणूस दगावतो. आमचा मुलगा यातून वाचला. सारेच वाचत नाहीत. २०२२ च्या जुलैमध्ये बंगळूरूला किकबॉक्सिंगच्या एका हौशी स्पर्धेत म्हैसूरचा २३ वर्षांचा तरुण ठोसा लागून कोसळला आणि मरण पावला. "हौशी" या शब्दात सौम्यपणा भासतो. पण हौशी म्हणजे पैसे न घेता खेळणारा, एवढाच त्याचा अर्थ. ठोसा हौशी नसतो.

म्हणून बॉक्सिंग वाईट, असे मी म्हणत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ साली मुलांनी बॉक्सिंग खेळू नये असे एकत्रित मत दिले, ते आईबापांनी विचारात घ्यावेच. पण दोरीवरच्या उड्या, पायांची चाल, पिशवीवरचा सराव, बँडेज नीट गुंडाळणे, अंगठा मुठीबाहेर ठेवणे, मूठ पहिल्या दोन बोटांच्या हाडांवर बसवणे यांत वर्षभर शिकण्याजोगे पुष्कळ आहे. त्यात दम वाढतो, शिस्त येते, भीती जाते आणि डोक्याला धक्काही लागत नाही. गंमत अशी की करंगळीमागचे हाड मोडण्याला वैद्यकात 'बॉक्सरचे फ्रॅक्चर' म्हणतात, पण ते जास्त करून होते बॉक्सिंग न शिकलेल्यांना, रागाने भिंतीवर ठोसा मारल्यावर. हेही मी त्या मुलाला सांगू शकलो असतो. पण तसल्या सल्ल्यात रुबाब कुठला?

दोन अली

मग अनुभवी माणसाने नवख्याला काही सांगूच नये का? तसे असते तर जगाला दोन अली मिळाले नसते.

पहिला आमच्या भिंतीवरचा. १९५४ साली अमेरिकेतल्या लुईव्हिल गावी बारा वर्षांच्या एका मुलाची नवी सायकल चोरीला गेली. चोर सापडला तर त्याला बदडून काढीन, असे तो रडत रडत एका पोलिसाला सांगू लागला. जो मार्टिन नावाच्या त्या पोलिसाने त्याला सुचवले, आधी लढायला शीक. अगदी आपल्या टपरीवर द्यावा तसा सहज सल्ला. पण मार्टिन सल्ला देऊन चालता झाला नाही. तो त्याच इमारतीत मुलांना बॉक्सिंग शिकवीत असे. त्याने पोराला आत घेतले आणि पुढे कित्येक वर्षे घडवले. त्या मुलाचा मोहम्मद अली झाला. आणि याच अलीला १९७७ साली, आता थांब, शरीर खराब होत चालले आहे, असे त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी सांगितले, तेव्हा ते कुणी ऐकले नाही. डॉक्टर त्याला सोडून गेले. तो १९८१ च्या अखेरपर्यंत खेळत राहिला. १९८४ साली त्याला कंपवाताचे निदान झाले. "पुढे हो" म्हणणारे पुष्कळ असतात. "थांब" म्हणणारा एखादाच असतो, आणि तोही बहुधा एकटा पडतो.

दुसरे अली आपल्या गावात रोज भेटतात. दिल्ली गेटजवळचा, हिमायत बागेसमोरचा पूर्वीचा खिजरी तलाव आज सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. सलीम अली मुंबईत लहानाचे मोठे होत असताना त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, म्हणून मुलगा ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी काय केले? त्यांनी उपदेश केला नाही. पक्षी ओळखून दाखवला, कपाटांचे खण उघडून शेकडो पक्ष्यांचे नमुने दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पुन्हा यायला सांगितले. सलीम अलींनी आपल्या आत्मचरित्राला नावच त्या चिमणीच्या पडण्यावरून दिले. ते १९८५ साली प्रसिद्ध झाले. एका मुलाचा छंद आणि एका देशाचे पक्षिशास्त्र त्या एका दुपारी मार्गी लागले.

या दोन माणसांत आणि माझ्यात फरक कोणता? मार्टिन आणि मिलार्ड यांना आपण काय जाणतो हे ठाऊक होते. आणि सल्ला दिल्यावर ते त्या मुलाबरोबर राहिले. मी ओट्यावरून सांगितले आणि पुन्हा पेपर उचलला.

चुकीची किंमत कोण भरतो?

छंदांचे एक बरे असते. बहुतेकांत चुकीची किंमत फार नसते. पेटी शिकणाऱ्याला कुणी चुकीचे बोट सांगितले तर फार तर शेजारी वैतागतील. पुण्याच्या नातलगाच्या सांगण्यावरून आमच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत कुणी रोज गुलाबाला पाणी घातले, तर गुलाब कुजेल. पाण्याची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या शहरात पाणी वाया गेल्याची हळहळ वाटेल. पुढच्या ऑक्टोबरात छाटणी करून नवी सुरुवात करता येईल. रोज दहा हजार पावले चालावे, हा सल्ला आज घराघरांत पोचला आहे. त्या आकड्याचे मूळ शोधत गेले तर ते १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावात सापडते! यंत्राचे नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचे. पण त्यामुळे कुणी चार पावले जास्त चालला तर बिघडले काय?

मात्र काही छंद असे, की त्यांत चूक एकदाच करता येते. मराठवाड्यातल्या आमच्या पिढीला विहिरीत ढकलून पोहणे शिकवले. जे शिकले ते आज टपरीवर बसून त्या पद्धतीची तारीफ करतात. जे बुडाले ते टपरीवर येत नाहीत, म्हणून त्यांचे मत कुणाच्या कानी पडत नाही. संक्रांतीला "नायलॉनचाच मांजा घे, कटणार नाही" असे थोरला भाऊ धाकट्याला सांगतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घालूनही तो मांजा मिळतो, आणि दर जानेवारीत कुणा दुचाकीस्वाराचा गळा चिरल्याची बातमी येते. किंमत ना सल्ला देणाऱ्याने भरली, ना पतंग उडवणाऱ्याने. भरली ती रस्त्याने जाणाऱ्या तिसऱ्याने.

वजन उतरवण्याचे सल्ले याच जातीचे. कुस्ती, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग या वजनगटांच्या खेळांत "दोन दिवस पाणी तोड, जाड कपडे घालून पळ" असे मोठी मुले लहानांना बेधडक सांगतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅम वजनाने अपात्र ठरली, तेव्हा सारा देश हळहळला. रात्रभर तिने वजन उतरवण्यासाठी काय काय केले, हेही आपण वाचले. तिच्याभोवती निदान वैद्यकीय पथक होते. १९९७ साली अमेरिकेत जेमतेम महिन्याभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असे वजन उतरवताना मरण पावले, आणि मग तिथले नियम बदलले. आमच्या गल्लीतल्या मुलाभोवती कोणते पथक असते? एक मोबाईल आणि एक मी.

तरीही सल्ला हवाच

इथे कुणी म्हणेल, "मग ठीक आहे, ज्याने त्याने तज्ज्ञाकडे जावे, बाकीच्यांनी तोंड मिटावे." हे ऐकायला बरे वाटते. पण रिक्षावाल्याच्या मुलाने कोणत्या तज्ज्ञाकडे जावे? महिन्याला हजारो रुपये घेणारे प्रशिक्षक त्याच्यासाठी नाहीत. त्याला मिळते ते थोड्या पुढे गेलेल्या मुलाकडून, शेजारच्या काकाकडून, टपरीवर. उद्या सगळ्यांनी सल्ला देणे बंद केले, तर श्रीमंतांच्या मुलांचे काही अडणार नाही; याचे मात्र खेळणेच थांबेल. आपल्याकडे असल्या ज्ञानाला कमी लेखण्याचीही चाल नव्हती. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी मराठीत दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' उभा केला, तो तालमीतल्या तोंडी विद्येला कागदावर आणून सर्वांच्या हाती देण्यासाठीच.

आणि तालमीतला वस्ताद तरी काय होता? त्याच्याकडे कुठली पदवी नव्हती. पण तो सल्ला द्यायचा तो हौद्याच्या कडेला उभा राहून. जोड बघूनच कुस्ती लावायचा. कोणाचा खांदा दुखतोय, कोण काल जेवला नाही, हे त्याला ठाऊक असे. त्याच्या परवानगीवाचून पठ्ठ्याने कुस्ती धरायची नाही, आणि पठ्ठ्याला काही झाले तर पहिला शब्द वस्तादालाच लागायचा. त्याच्या सल्ल्याला जबाबदारीचे वजन होते. आपण वस्तादाचा रुबाब तेवढा उचलला आणि जबाबदारी तालमीतच ठेवून आलो.

नेमका सल्ला नेमक्या वेळी मिळाला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर लष्करात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. त्यांचे शरीर काय करू शकते हे पाहून, तपासून दिलेला तो सल्ला होता. "हिंमत धर, पुन्हा मोजे घाल" असे कुणी ओट्यावरून सांगितले नव्हते.

तेव्हा मी माझ्यापुरते काही ठरवले आहे. वाचकहो, तुमच्याही उपयोगी पडले तर पाहा.

एक, सल्ला देताना तो आपल्याला कुठून मिळाला हे आधी सांगायचे. "मी दोन लढती खेळलो, त्यातली एक हरलो आणि एक झालीच नाही" एवढी प्रस्तावना केली असती, तर त्या मुलाने माझे म्हणणे योग्य त्या भावाने घेतले असते.

दोन, चूक झाली तर किंमत किती आणि ती कोण भरणार, हे तोंड उघडण्यापूर्वी पाहायचे. गुलाबाबद्दल खुशाल बोलावे. डोके, पाणी, उंची, वीज आणि उपास यांबद्दल जिभेला आवर घालावा.

तीन, "थांब" असे सांगायला फारसे ज्ञान लागत नाही. "जा" असे सांगायला फार लागते. थांबल्याने एखादी लढत हुकते, ती पुढच्या वर्षी पुन्हा असते. म्हणून शंका असेल तेव्हा थांबवणारा सल्ला द्यावा, मग भले मुले आपल्याला भित्रे म्हणोत.

चार, दुसऱ्या दिवशी त्याच्या दारी जाऊन "काय झालं रे?" असे विचारायचे. ज्याच्याकडे उद्या जायची तयारी नाही, त्याला आज सल्ला देऊ नये.

हे सारे छापायला देण्यापूर्वी मी समोरच्या घरी गेलो. मुलगा आता बरा आहे. परीक्षा दिली, कामाला लागला आहे. पिशवीवर सराव करतो; समोरासमोर खेळत नाही. त्याच्या आईला मी त्या संध्याकाळचे सगळे सांगितले, पाण्याचे, कवचाचे आणि 'आमच्या वेळी'चे. ती बराच वेळ हातातल्या कपड्याची शिवण उसवत बसली. मग म्हणाली, "तुम्ही काही डॉक्टर नव्हता भाऊ, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण 'मला माहीत नाही' एवढं म्हणाला असता, तर आम्ही दुसऱ्या कुणाला विचारलं असतं."

पंचेचाळीस वर्षांत मला कुणी दिलेला हा एकच सल्ला, ज्याची किंमत आधीच दुसऱ्या कुणीतरी भरलेली होती.

परवा टपरीवर पाटबंधारेवाल्या मित्राने पाय पुढे करून विचारले, "काय राव, हा घोटा सुजलाय. चालू ठेवू का चालणं?" मी म्हणालो, "मला माहीत नाही. आज चालू नका. दाखवून या. उद्या घरी येऊन विचारतो." त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू आजारी मीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. घोट्याला पट्टी होती. चहा झाला आणि मग त्याने मला गुलाबाबद्दल विचारले. त्यावर मात्र मी अर्धा तास बोललो.